सेवेचे तास, खोट्या सह्या आणि एका कॅथलिक शाळेने नंतर काय केलं

हे प्रकरण एका कॅथलिक माध्यमिक शाळेतलं आहे. शाळेचं नाव, गाव, देश काहीच देत नाही आणि मुलं ओळखू येतील असे तपशील बदललेत. शाळेच्या परवानगीने लिहितोय. त्यांच्या मीटिंगच्या नोंदी मला वाचायला मिळाल्या आणि त्यात असलेल्या बहुतेक मोठ्या माणसांशी सविस्तर बोलणंही झालं, मुलांपैकी फक्त जे स्वतःहून बोलायला तयार होते त्यांच्याशीच बोललो. शाळांमधल्या विद्यार्थी जीवन विभागात काम करणाऱ्यांना याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं, कारण असल्या गोष्टी घडतात सगळीकडे, पण लिहून कोणी ठेवत नाही.

पार्श्वभूमी

शाळा सिस्टरांच्या एका संस्थेने सुरू केलेली. आता शिकवणारे जवळपास सगळे प्रापंचिक, सिस्टर दोन-तीनच उरल्यात, आणि एक चॅप्लेन फादर (शाळेचं धार्मिक काम बघणारे धर्मगुरू) आठवड्यातले काही दिवस येतात. मुलांपैकी साधारण एक तृतीयांश कॅथलिक नाहीत. विद्यार्थी जीवन म्हणजे वर्गाबाहेरचं सगळं: चार हाऊस, प्रत्येक हाऊसमध्ये सगळ्या वयाची मुलं, एक हाऊस हेड, शेवटच्या वर्षातले कॅप्टन, खेळ, क्लब, वर्षातून एकदा रिट्रीट (प्रार्थना आणि चिंतनासाठी राखलेले दिवस), ठरावीक दिवसांची मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना), आणि सेवा.

सेवेचा नियम असा की प्रत्येकाने दरवर्षी 25 तास शाळेबाहेर कुठेतरी मदत करायची, वृद्धाश्रम, लहान मुलांची शिकवणी, लायब्ररी, अन्नवाटप असं काही. एक छापील शीट असायची, तारीख, वेळ, काय केलं आणि तिथल्या जबाबदार माणसाची सही. तास भरले नाहीत तर शेवटच्या वर्षाच्या निरोप समारंभात स्टेजवर नाव नाही. आणि एक गोष्ट नंतर वाढवलेली, ती इथे सगळ्यात महत्त्वाची: तासांना हाऊस पॉइंट. कुठल्या हाऊसचे किती तास झाले त्याचा तक्ता मेन कॉरिडॉरमधल्या नोटीस बोर्डावर दर शुक्रवारी बदलायचा, आणि वर्षअखेरीच्या कपमध्ये ते पॉइंट धरले जायचे.

सेवा हा विषय शाळेने उगाच घेतलेला नव्हता हे सांगायला हवं. 1973 साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात जेझुइटांचे (शाळा चालवणारा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) तेव्हाचे प्रमुख, सुपीरियर जनरल पेद्रो अरुपे त्यांच्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर बोलले होते, की आमच्या शिक्षणाचं काम इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं हे आहे, आणि आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का याचं उत्तर त्यांनी स्वतःच नाही असं दिलं होतं. तो विचार जेझुइट शाळांच्या बाहेरही खूप पसरला, या शाळेच्या सिस्टरही तेच बोलायच्या. म्हणजे हेतू चांगला, नियमही सोपा, आणि बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललंय असंच सगळ्यांना वाटत होतं.

प्रश्न कसा समोर आला

तक्रार कोणीच केली नव्हती. एका वृद्धाश्रमाच्या समन्वयक बाईंचा फोन आला, आभार मानायला आणि विचारायला, की मुलं परत कधी येणार, कारण बरेच महिने कोणी फिरकलं नाही आणि एक आजी सारख्या विचारतात की ती वाचून दाखवणारी मुलगी का येत नाही. फोन घेणाऱ्या व्हाइस प्रिन्सिपल गोंधळल्या, कारण त्यांच्या फायलीत त्याच वृद्धाश्रमाच्या शीट होत्या आणि शेवटची नोंद मागच्याच आठवड्याची होती.

त्यांनी शीट टेबलावर पसरल्या. सही सगळीकडे तीच, पण ज्यांची होती ते कर्मचारी कधीच नोकरी सोडून गेले होते. काही तारखा तर अशा होत्या की फ्लूची साथ म्हणून त्या दिवसांत वृद्धाश्रमात बाहेरच्यांना बंदी होती. एका शीटवर सहीच्या शेवटच्या अक्षराची शेपटी आधी पेन्सिलने काढून मग वरून पेन फिरवलेलं दिसत होतं. कोणीतरी सराव केला होता.

आधी तीन-चार मुलं वाटली, मोजल्यावर वीसेक निघाली, आणि बहुतेक एकाच हाऊसची. ते हाऊस त्या वर्षी तक्त्यावर पहिलं होतं.

पहिला निर्णय: चौकशीत फादर बसणार का

हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण कॅथलिक शाळेत इथेच गोष्टी बिघडतात आणि इथेच या शाळेने फार नीट पाऊल टाकलं.

प्रिन्सिपलना वाटलं की चौकशीच्या कमिटीत चॅप्लेन फादर असावेत. मुलांचा त्यांच्यावर विश्वास, ते रागावत नाहीत, मुलं खरं बोलतील. त्यात योगायोग असा की वरच्या वर्गांचं रिट्रीट त्याच आठवड्यात होतं आणि रिट्रीटमध्ये कबुलीजबाबाला, म्हणजे फादरांसमोर एकांतात आपली पापं सांगायला, बसायची सोय असते. एका हाऊस हेडनी सुचवलं की रिट्रीटमध्ये सांगून टाकू, जो फादरांकडे जाऊन कबूल करेल त्याला शिक्षेत सूट.

फादरांनी दोन्हीला नाही म्हटलं आणि कारणं स्पष्ट सांगितली. कबुलीजबाबात ऐकलेलं कुठल्याही कारणाने, कुठल्याही प्रकारे उघड करता येत नाही, 1983 च्या कॅनन लॉमधला (कॅथलिक चर्चचा कायदा) 983 वा नियम तो. त्याच्या पुढचा 984 वा अजून बारीक आहे: गुपित फुटण्याची शक्यता नसली तरी तिथे मिळालेली माहिती माणसाच्या तोट्याला वापरायची नाही, आणि जो अधिकाराच्या जागेवर आहे त्याने कारभारात ती वापरायची नाही. म्हणजे उद्या एखादा मुलगा कबुलीजबाबात बोलून गेला आणि परवा तेच फादर कमिटीच्या टेबलापलीकडे बसले, तर ते गप्प बसले तरी मुलगा म्हणणार यांना माहितीये, आणि बोलले तर विषयच संपला. सूट द्यायच्या कल्पनेवर ते जास्त कडक होते, कबुलीजबाब हा चर्चचा पवित्र संस्कार, त्याचा सौदा होऊ द्यायचा नाही, आणि जी मुलं कॅथलिक नाहीत त्यांना मग कुठला दरवाजा, हा त्यांचा प्रश्न.

मग कमिटीत व्हाइस प्रिन्सिपल आणि दोन वेगळ्या हाऊसचे हेड. फादर बाहेर, शाळेच्या कौन्सेलरही बाहेर. मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं की या दोघांकडे जे बोलाल ते कमिटीकडे जाणार नाही, आणि कमिटीला सांगायचं असेल ते कमिटीलाच सांगा. (कौन्सेलरच्या बाबतीत एक अपवाद, कोणाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तर. तोही आधीच सांगितला.) मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. यामुळे मुलांना रडायला एक जागा राहिली आणि चौकशीही चौकशीच राहिली.

चौकशीत काय बाहेर आलं

प्रत्येकाला एकेकटं बोलावलं, सोबत त्याच्या पसंतीचा एक शिक्षक, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पालकांना फोन. पालकांना आधी सांगायचं की मुलांना आधी, यावर वाद झाला होता. मुलांना आधी बोलू द्यायचं ठरलं, कारण घरून पढवून आलेलं उत्तर ऐकण्यात अर्थ नव्हता.

सही शिकवणारी मुलगी हाऊस कॅप्टन होती. हुशार, मेहनती, धाकट्या मुलांची लाडकी. स्वतःचे तास तिने खरे भरले होते. दर शुक्रवारी तक्ता बदलला की हाऊसच्या ग्रुपवर मेसेज पडायचे, आपण मागे पडतोय, कोण तास आणतंय, आणि ज्यांचे तास कमी त्यांची नावं. तिने धाकट्यांना 'मदत' केली. तिच्या डोक्यात हे हाऊससाठी होतं, कोणाला फसवतोय हे आधी डोक्यातच आलं नाही असं ती म्हणाली आणि मला ते खरं वाटतं, कारण तक्त्यावर वृद्धाश्रम कुठे दिसतच नव्हता, नुसते आकडे दिसायचे.

काही जणांनी सरळ आळस केला होता, तेही त्यांनी मान्य केलं.

आणि एक मुलगा होता ज्याच्याबद्दल व्हाइस प्रिन्सिपल अजूनही बोलताना थांबतात. त्याने सगळ्या शीट खोट्या भरल्या होत्या, एकही तास खरा नाही. का, तर शाळा सुटल्यावर तो घरी जाऊन आजोबांना बघायचा, त्यांना उठवणं, कपडे बदलणं, औषधं, आई रात्री कामावरून येईपर्यंत. नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं की कुटुंबातल्या माणसासाठी केलेलं काम सेवेत धरलं जाणार नाही. तो म्हणाला, "मिस, दुसऱ्यांच्या आजोबांकडे जायला मला वेळच नव्हता." हे वर्गशिक्षकांना माहीत नव्हतं, हाऊस हेडना नव्हतं, कोणालाच नव्हतं, कारण त्याला कोणी विचारलंच नव्हतं, त्याची शीट वेळेवर भरून यायची.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पालकांना सगळ्यात आवडलेला, तपासणी कडक करायची. मोबाईलवर ॲप, तिथे पोचलं की क्यूआर कोड स्कॅन, लोकेशनची नोंद, निघताना परत स्कॅन. खोटं करायला जागाच नाही. यावर वृद्धाश्रमाच्या बाई म्हणाल्या की आमच्याकडे माणसं आधीच कमी, तुमच्या मुलांचे कोड स्कॅन करायला कोणाला उभं करू. आणि व्हाइस प्रिन्सिपलनी अजून एक मुद्दा काढला जो मला महत्त्वाचा वाटतो, की ॲप फक्त एवढंच सिद्ध करेल की मूल त्या इमारतीत होतं. कोपऱ्यात बसून फोन बघत असलं तरी तास भरणार.

दुसरा, सक्तीच काढून टाकायची. शुभवर्तमानाचा आधार इथे एका विद्यार्थिनीनेच दिला. विद्यार्थी प्रतिनिधींच्या मीटिंगमध्ये ती म्हणाली की बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, दानधर्म करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका, आणि आपण तर बोर्डावर लावतो. मीटिंगच्या नोंदीत यापुढे नुसतं 'शांतता' असं लिहिलंय. पण सगळ्यात वयस्कर सिस्टरांनी सक्ती काढायला विरोध केला. त्यांचं म्हणणं, ऐच्छिक केलं की ज्यांना आधीच ओढ आहे तीच मुलं जाणार, आणि बाकीची मुलं आजारी, म्हातारं, एकटं माणूस जवळून न बघताच शाळेतून बाहेर पडणार. गणित आवडत नाही म्हणून आपण गणित ऐच्छिक करत नाही, असं त्या म्हणाल्या.

तिसरा पर्याय मधला, तास ठेवा, हाऊस पॉइंट काढा. सगळ्यात स्वस्त, लगेच करता येण्यासारखा. बहुतेक शाळा इथेच थांबल्या असत्या. यात अडचण ही की आजोबांना सांभाळणारा मुलगा होता तिथेच राहतो, आणि संध्याकाळी काम करणारी किंवा धाकट्या भावंडांना बघणारी मुलंही.

चौथा, मोजणंच बदलायचं. तास न मोजता वर्षभर एकाच जागेशी, त्याच माणसांशी नातं ठेवायचं, आणि ते शाळेच्या वेळेत. यात सगळ्यात जास्त कष्ट होते, टाइमटेबल फोडावं लागणार होतं.

शिक्षेचा प्रश्न वेगळा होता. काही शिक्षकांना सस्पेंड हवं होतं, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं, प्रामाणिकपणे तास भरणाऱ्या मुलांना काय सांगणार. दुसरी बाजू डॉन बॉस्कोंची, म्हणजे मुलांच्या शिक्षणाला वाहून घेतलेल्या इटलीतल्या कॅथलिक धर्मगुरूंची. त्यांनी 1877 मध्ये आपल्या प्रतिबंधक शिक्षणपद्धतीवर छोटा निबंध लिहिला, विचार, धर्म आणि प्रेमळपणा या तीन पायांवर उभी पद्धत, आणि त्यात मोठ्यांनी मुलांमध्ये सतत असणं महत्त्वाचं, म्हणजे चूक झाल्यावर शिक्षा देत बसण्यापेक्षा चूक होण्याआधी जवळ असणं. एका हाऊस हेडनी मीटिंगमध्ये विचारलं की आपण यांच्या जवळ कधी होतो, आपण तर फक्त शीट गोळा करत होतो. त्या वाक्याने चर्चा फिरली असं तीन वेगवेगळ्या माणसांनी मला सांगितलं.

काय केलं

कोणालाही सस्पेंड केलं नाही. खोटे तास रद्द, प्रत्येकाच्या पालकांसोबत बैठक, आणि त्या वर्षीच्या कपमधून ते हाऊस बाहेर. कॅप्टनने पद सोडलं.

माफीचं काय करायचं यावर मात्र शाळेचा बेत पार बदलला. ठरलं होतं की वीसही मुलं वृद्धाश्रमात जाऊन माफी मागतील, पत्रं लिहून नेतील. व्हाइस प्रिन्सिपलनी आधी फोन करून विचारलं हे नशीबच, कारण बाईंनी साफ नको सांगितलं. इथल्या कोणाला तुमच्या शीट माहीत नाहीत, वीस मुलं एकदम रडत आली तर म्हातारी माणसं घाबरतील, तुमच्या मुलांना हलकं वाटावं म्हणून आमच्या लोकांना कशाला बसवायचं. मग म्हणाल्या, "पत्रं नकोत. गुरुवारी कोण येणार तेवढं सांगा, आणि जो येईल तो पुढच्या गुरुवारीही आला पाहिजे."

चौथा पर्याय या एका मागणीवर उभा राहिला. पुढच्या वर्षापासून तासांची शीट बंद, बोर्डावरचा तक्ता काढला, सेवेला पॉइंट नाहीत. हाऊस राहिले, खेळ आणि बाकी स्पर्धा राहिल्या. मुलांचे पाच-सहा जणांचे गट केले, मुद्दाम वेगवेगळ्या हाऊसमधले, मोठी आणि धाकटी एकत्र. एका गटाला वर्षभर एकच जागा. एक आठवडा सोडून एक, दुपारचे शेवटचे दोन तास शाळेच्या वेळेतच. सोबत कायम दोन मोठी माणसं, कोणतंही मूल एखाद्या खोलीत दार लावून कोणासोबत एकटं नाही, फोटो काढायचे नाहीत. फोटोंचा मुद्दा जागांनीच काढला. शाळेच्या मासिकात आजींचे हात धरलेल्या मुलांचे फोटो यायचे, आणि त्या आजींना कोणी विचारलेलं नसायचं.

घरी कोणाला सांभाळावं लागतं त्या मुलांसाठी वेगळी वाट ठेवली. कौन्सेलरशी एकदा बोलायचं, पुरावा मागायचा नाही, आणि तेच काम त्या वर्षाची सेवा म्हणून धरायचं. शाळेच्या वेळेतले ते दोन तास या मुलांनी गटासोबत जायचं की लायब्ररीत बसून आपला अभ्यास उरकायचा, हे त्यांनी ठरवायचं. आजोबांना सांभाळणाऱ्या मुलाने लायब्ररी निवडली. चांगलं केलं.

परत आल्यावर पंधरा मिनिटं गटाने बसायचं. याचा साचा जेझुइटांचे संस्थापक संत इग्नेशियसच्या रोजच्या आत्मपरीक्षणातून घेतला: काय चांगलं मिळालं, कुठे मन हललं, कुठे आपण कमी पडलो, पुढच्या वेळी काय. कॅथलिक मुलांसाठी शेवटी छोटी प्रार्थना, बाकीच्यांना शांत बसायची मुभा. इथे एका शिक्षिकेला वाटत होतं की सगळ्यांनीच प्रार्थना म्हणावी, शाळा कॅथलिक आहे ना. फादरांनी परत कॅनन लॉच दाखवला, 748 वा नियम, कोणावरही श्रद्धेची सक्ती करता येत नाही. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या कॅथलिक बिशपांची परिषद) 1965 चा शिक्षणावरचा जाहीरनामा कॅथलिक शाळेची ओळख सांगताना स्वातंत्र्य आणि प्रेम या दोन्हींनी भारलेल्या वातावरणाबद्दल बोलतो, त्यातलं स्वातंत्र्य वगळून चालत नाही.

पहिलं वर्ष कसं गेलं

मिश्र. गणित आणि विज्ञानाचे शिक्षक वैतागले, तास बुडतात म्हणून, आणि त्यांची तक्रार खरी होती. अन्नवाटपाची एक जागा वयाच्या अटीमुळे ऐनवेळी हातातून गेली आणि एक गट जवळजवळ अर्धं वर्ष इकडून तिकडे फिरत राहिला. मोजलं असतं तर एकूण तास आधीपेक्षा नक्कीच कमी भरले असते. पालकांपैकी काहींना पुढच्या प्रवेशासाठी तासांचं सर्टिफिकेट हवं होतं, त्यावर शाळेने आकड्याऐवजी प्रत्येक मुलासाठी वर्णनाचं पत्र द्यायला सुरुवात केली, कुठे गेला, किती काळ, तिथे काय शिकला, तिथल्या माणसाचे दोन शब्द. हे पत्र लिहायला हाऊस हेडना भयंकर वेळ लागतो. ते अजून सुटलेलं नाही.

कंटाळलेली मुलं होतीच. पंधरा मिनिटांच्या बैठकीत एक मुलगा चार-पाच वेळा फक्त 'ठीक होतं' एवढंच बोलला आणि त्याला कोणी टोकलं नाही. मग एकदा तो म्हणाला की तिथले एक काका दर वेळी त्याला तीच गोष्ट पहिल्यांदा सांगितल्यासारखी सांगतात आणि त्याला कळत नाही की आठवण करून द्यायची की ऐकायचं. गटातल्या सगळ्यांनी त्यावर मत दिलं. सोबतच्या शिक्षिका म्हणाल्या की इतक्या वर्षांत सेवेबद्दल मुलांनी आपसात वाद घातलेला त्यांनी पहिल्यांदा ऐकला.

वर्षाच्या मध्यावर त्या काकांचं निधन झालं. शाळेची याची काहीच तयारी नव्हती. वृद्धाश्रमातून निरोप आला, तो ऑफिसमधून वर्गशिक्षकांकडे आणि वर्गशिक्षकांकडून मुलांना तासाच्या मध्येच कळला. एकाने बाथरूममध्ये स्वतःला कोंडून घेतलं. फादर आणि कौन्सेलर दोघेही त्या दिवशी शाळेत नव्हते. दुसऱ्या दिवशी दोघं बसले गटासोबत, ज्यांना जायचं होतं ती मुलं अंत्यविधीला गेली, पालकांच्या परवानगीने. मिस्सेत काकांचं नाव घेतलं. कॅथलिक नसलेली एक मुलगी त्या मिस्सेला स्वतःहून आली आणि मागे बसून राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, मृत्यूची तयारी. वृद्धाश्रमात मुलं वर्षभर पाठवायची म्हणजे कधीतरी हे होणार हे उघड आहे. आता प्रत्येक गटाच्या पहिल्या बैठकीत याबद्दल बोललं जातं, बातमी कोण देणार, कुठे देणार हे लिहून ठेवलंय, आणि ती तासाच्या मध्ये द्यायची नाही हेही.

दुसरं, कॅप्टन मुलीचं पद. ती स्वतःहून पायउतार झाली, पण बोर्डावर नवीन कॅप्टनचं नाव लागलं आणि सगळ्या शाळेला कळलं. बाकी एकोणीस जणांची नावं कोणाला माहीत नव्हती, तिचं सगळ्यांना. शेवटचे काही महिने ती डबा एकटी खायची. बदल वर्षाच्या शेवटी, नेहमीच्या बदलांसोबत करता आला असता, किंवा निदान कोणीतरी रोज तिच्याशी बोलेल एवढं बघता आलं असतं. तासांना पॉइंट द्यायची कल्पना मोठ्यांची होती, आणि त्या मोठ्यांनी मुलांसमोर येऊन ते एकदाही म्हटलं नाही. स्टाफ मीटिंगमध्ये म्हटलं, मुलांसमोर नाही. माझ्या मते ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी उणीव आहे. मुलांना जबाबदारी घ्यायला शिकवायची संधी हातात होती आणि मोठ्यांनी स्वतःच्या वाट्याची जबाबदारी बंद दाराआड घेतली.

तिसरं, जागांना शेवटी विचारलं. सगळे पर्याय शाळेत बसून मांडले गेले, वृद्धाश्रमाचं मत जवळपास फोन करण्याच्या ओघात मिळालं, आणि तेच निर्णायक ठरलं. पहिल्याच बैठकीला त्या बाईंना बोलावलं असतं तर ॲपवर गेलेले कित्येक आठवडे वाचले असते.

आणि आजोबांना सांभाळणाऱ्या मुलासारखी मुलं. शाळेने आता वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाशी वर्गशिक्षकांची दहा मिनिटांची भेट ठेवलीये, विषय एकच, शाळा सुटल्यावर तुझा दिवस कसा जातो. सगळ्या मुलांसाठी, म्हणजे कोणी वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. पहिल्याच फेरीत अजून काही मुलं अशी निघाली.

सध्या वाद चाललाय तो पुढचा. शेवटच्या वर्षातल्या काही मुलांना शाळा सोडल्यावरही आपल्या जागी जात राहायचंय. शाळेच्या सुरक्षा नियमांत माजी विद्यार्थ्यांची सोय नाही, त्यांनी शाळेच्या गटासोबत जाणं म्हणजे धाकट्या मुलांसोबत शाळेबाहेरची सज्ञान व्यक्ती असणं. व्हाइस प्रिन्सिपलचा मसुदा असा की त्यांनी थेट वृद्धाश्रमाकडे स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवावं, तिथली पडताळणी पूर्ण करावी, शाळेने फक्त ओळखपत्र द्यावं, आणि त्यांचा दिवस शाळेच्या गटाच्या दिवसापेक्षा वेगळा ठेवावा. बाईंनी मंगळवार सुचवलाय.